आयएनआर ५.४ : फार्म.डी.च्या मुलांना रक्त पातळ करणारी औषधं कशी शिकवावीत

पुण्यातल्या एका फार्मसी कॉलेजात फार्म.डी. या फार्मसीतल्या पदवीच्या मुलांना वॉर्डवर नेणाऱ्या अध्यापिकेचा प्रश्न आहे : "मुलांना व्हिटॅमिन केचं चक्र तोंडपाठ आहे. पण आयएनआर ५.४ चा रिपोर्ट हातात पडला की काही मुलं गप्प होतात आणि बाकीची लगेच 'डोस कमी करा' म्हणतात. चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये काय शिकवावं आणि कोणत्या क्रमाने?"

वॉर्फरिन, एसिट्रोम ही औषधं व्हिटॅमिन केचं काम अडवून रक्त गोठणं मंदावतात. ते किती मंदावलं याचा आकडा म्हणजे आयएनआर : फार चढला तर रक्तस्रावाची भीती, फार उतरला तर गुठळीची. गप्प बसणाऱ्या मुलांची मला फारशी काळजी वाटत नाही. 'डोस कमी करा' म्हणणाऱ्यांची वाटते. आकडा वाढला की डोस कमी, आकडा उतरला की डोस जास्त, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि याच सवयीने पेशंटचा आयएनआर महिनोन्‌महिने झोके घेत राहतो. पोस्टिंगच्या चार आठवड्यांत एकच गोष्ट अंगी बाणली तरी पुष्कळ : आयएनआर हातात आला की आधी तो असा का आला ते शोधायचं, डोसचं नंतर.

यासाठी पहिल्याच दिवशी मुलांसमोर चार फाइली ठेवा. चारही फाइलींत आयएनआर ५.४, चारही पेशंट एसिट्रोमवर म्हणजे असिनोकुमरॉलवर, आणि कुणालाही रक्तस्राव नाही. पहिली चौतीस वर्षांची बाई, हृदयात मिट्रलची कृत्रिम झडप, रोज ३ मिलिग्रॅम. चार दिवसांपूर्वी जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल सुरू झालंय. दुसरे एकसष्ट वर्षांचे गृहस्थ, डोस २ मिलिग्रॅमचा, पण या वेळी मेडिकलमधून ४ चं पाकीट घरी आलंय आणि ते सवयीने अख्खी गोळी घेताहेत. तिसऱ्या पेशंटची ट्यूब अर्धीच भरली होती. चौथ्याला हार्ट फेल्युअर आहे, पायांवर सूज, लिव्हर वाढलेलं, आठवडाभर जेवण जात नाही.

मुलांना प्रत्येक फाइलीवर स्वतंत्र उत्तर लिहायला सांगा. बहुतेक जण चारही ठिकाणी एकच उत्तर लिहितील. मग एकेक फाइल उलगडा.

पहिल्या बाईंचा एक डोस थांबवायचा, दुसऱ्या दिवशी आयएनआर परत बघायचा, मेट्रोनिडाझोल चालू आहे तोवर कमी डोस ठेवायचा आणि कोर्स संपल्यावर दोन-तीन दिवसांत मूळ डोसवर यायचं. आठवड्याने पुन्हा तपासणी. इथे कुणी कायमचा डोस कमी केला, तर मेट्रोनिडाझोल अंगातून गेल्यावर आयएनआर दीडच्या आसपास येतो आणि मिट्रलच्या कृत्रिम झडपेवर गुठळी धरू शकते. तिच्यासाठी ५.४ पेक्षा दोन आठवड्यांनंतरचा १.५ जास्त घातक आहे. व्हिटॅमिन केही द्यायचं नाही. रक्तस्राव नसेल तर ४.५ ते १० च्या दरम्यान ते नेहमीच्या रिवाजाने देत नाहीत, आणि कृत्रिम झडप असेल तर हात आणखी आवरता घ्यायचा.

दुसऱ्या काकांचा डोस बरोबरच होता. एक-दोन डोस थांबवून २ मिलिग्रॅमच पुन्हा सुरू करायचे आणि ४ चं पाकीट घरातून बाहेर काढायचं. ते कपाटात राहिलं तर पुढच्या महिन्यात हीच कथा. तिसऱ्या पेशंटचं रक्त परत घ्यायचं आणि आजच्या गोळीचा निर्णय नवा रिपोर्ट आल्यावर. चौघांत नेहमीचा डोस खरोखर कमी करायचा तो फक्त चौथ्याचा : आज थांबवून पुढे आठवड्याच्या एकूण डोसमधून १० ते २० टक्के. तेही डोळ्यांत तेल घालून, कारण लघवीच्या औषधांनी सूज उतरली, लिव्हरवरचा ताण गेला, की त्याचाच आयएनआर खाली घसरू लागतो.

या एका तासाने मुलांची नजर बदलते. पुढचा क्रम यातूनच निघतो.

आधी ट्यूब

फार्मसीच्या मुलांना लॅब परकी वाटते, म्हणून पहिला आठवडा तिथूनच सुरू करा. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं आणि रक्त व सायट्रेट यांचं प्रमाण ९ : १ लागतं. ०.३ मिलि सायट्रेटच्या ट्यूबमध्ये २.७ मिलि रक्त, म्हणजे ट्यूबवरच्या खुणेपर्यंत. दीडच मिलि रक्त आलं तर प्रमाण ५ : १ होतं, जादा सायट्रेट तपासणीत घातलेलं कॅल्शियम बांधून टाकतं, गोठायला वेळ जास्त लागतो आणि आयएनआर खोटा वाढतो. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर ट्यूब पूर्ण भरूनही हेच होतं, कारण प्लाझ्माच कमी असतो. ज्या लाइनमधून हेपॅरिन (इंजेक्शनने द्यायचं, गुठळी रोखणारं औषध) चाललंय तिच्यातूनच नमुना घेतला तर रिपोर्ट वाचण्यातही अर्थ नाही.

मग गणित. आयएनआर म्हणजे पेशंटचा पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम, नमुना गोठायला लागलेले सेकंद) भागिले लॅबचा सरासरी नॉर्मल पीटी, आणि त्या भागाकाराचा आयएसआय (तपासणीचा अभिकर्मक किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) इतका घात. पीटी ३० सेकंद, नॉर्मल १२ सेकंद, तर भागाकार २.५. अभिकर्मकाचा आयएसआय १.० असेल तर आयएनआर २.५ च. तोच आयएसआय १.२ असेल तर ३.०, आणि १.३ असेल तर ३.३. हे कॅल्क्युलेटरवर मुलांच्या हातून करून घ्या. नॉर्मलचा आकडाही लॅबने स्वतः किमान वीस निरोगी माणसांच्या नमुन्यांवरून काढलेला असावा लागतो. डब्यातल्या माहितीपत्रकावरून उतरवलेला चालत नाही. जुन्नर, भोर, इंदापूरहून येणारा पेशंट एकदा गावी तपासतो, एकदा पुण्यात. दोन लॅबचे रिपोर्ट एका तक्त्यात मांडून 'चढला', 'उतरला' म्हणण्यापूर्वी दोन्ही कागदांवरचा आयएसआय बघायची सवय लागली पाहिजे.

तिसरा धडा सबुरीचा. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी फॅक्टर सातचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा वेळ) साधारण सहा तास, नऊचं चोवीस, दहाचं चाळीसच्या आसपास आणि प्रोथ्रॉम्बिनचं साठच्या पुढे. म्हणून औषध सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी आयएनआर २.२ दिसला तरी तो बहुतांशी फॅक्टर सात घटल्याचा असतो, प्रोथ्रॉम्बिन अजून रक्तात शाबूत असतं. त्यातच गुठळी रोखणारं शरीरातलं प्रोटीन सी लवकर उतरलेलं असतं, म्हणजे गुठळीकडे कल थोडा वाढलेलाच. पायातल्या गुठळीच्या पेशंटला हेपॅरिन किमान पाच दिवस आणि आयएनआर २ च्या वर चोवीस तास टिकेपर्यंत द्यायचं, ते याचसाठी. मुलांना 'पाच दिवस' हा आकडा पाठ असतो. का, ते या आकड्यांवरून सांगता आलं पाहिजे. बदललेल्या डोसचा पूर्ण परिणाम वॉर्फरिनमध्ये आठवड्याभराने दिसतो, असिनोकुमरॉलमध्ये त्यापेक्षा लवकर. रोज आयएनआर आणि रोज नवा डोस असा केस पेपर दिसला, तर तो वर्गात चर्चेला घ्या.

इथेच आपल्याकडची एक खास गोष्ट सांगून ठेवा. परदेशी पुस्तकं वॉर्फरिनवर लिहिलेली आहेत आणि आपल्या पेशंटच्या पिशवीत बहुतेक वेळा एसिट्रोम असतं. वॉर्फरिनचं अर्धायुष्य चाळीस तासांच्या आसपास, असिनोकुमरॉलचं आठ ते अकरा. म्हणून एसिट्रोमचा एखादा डोस चुकला तरी आयएनआर लवकर हलतो, आणि डोस थांबवल्यावर उतरतोही लवकर. दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे नाहीत. असिनोकुमरॉलच्या १ मिलिग्रॅमला वॉर्फरिनचे साधारण २ लागतात. 'एसिट्रोम २ नाही, वॉर्फ २ घेऊन जा, एकच आहे' हे वाक्य काउंटरवर बोललं गेलं तर पेशंटचा डोस निम्मा झाला. उलट दिशेने झालं तर दुप्पट.

पेशंटशी बोलणं

यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. मुलं विचारतात, "काका, गोळ्या वेळेवर घेता ना?" काका म्हणतात, "हो." प्रश्नातच उत्तर दिलं की पेशंट तेच परत करतो. त्याऐवजी असं विचारायला शिकवा :

"मावशी, पिशवीतली सगळी पाकिटं बाहेर काढता का? काल संध्याकाळी यातली कुठली घेतली? अख्खी की अर्धी? अर्धी कशी करता, जरा करून दाखवा ना. हे पाकीट कधी आणलं?"

'करून दाखवा' यातून जे कळतं ते चार पानांच्या माहितीपत्रकातून कळत नाही. कुणी नखाने तोडतं आणि एक तुकडा मोठा, एक छोटा होतो. कुणी पाकिटाची अर्धी पट्टी कापून आणलेली असते आणि गोळी किती मिलिग्रॅमची हे ज्या टोकावर छापलंय तेच दुकानात राहिलेलं असतं. मग गोळ्या मोजायच्या : १ तारखेला तीस गोळ्या आणल्या, त्याच संध्याकाळपासून रोज एक, २२ तारखेच्या सकाळी नऊ उरायला हव्यात. चौदा उरल्या असतील तर पाच संध्याकाळी गोळी राहिलेली आहे, आणि आयएनआर १.६ का आला याचं उत्तर तुमच्या तळहातावर आहे. इथे डोस वाढवला आणि पुढे पेशंट नियमित झाला, तर महिन्याभरात आयएनआर पाचच्या वर. हे सांगताना आवाजात आरोप नको. "पाच संध्याकाळी राहिल्या वाटतं, काय अडचण येते?" एवढंच. उत्तर येतं : सहा वाजता दुकानावर असतो, डबी घरी.

'रक्त पातळ करायची गोळी' या शब्दाकडेही लक्ष द्या. पेशंटच्या तोंडी हा शब्द इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, एसिट्रोम, झारेल्टो (रिव्हारॉक्साबॅन) सगळ्यांसाठी असतो. म्हणजे 'एक रक्त पातळ करायची गोळी चालू आहे' यावरून काहीच कळत नाही. पाकीट बघायलाच हवं. 'दोन्ही एकच आहेत' असं समजून पेशंट एक बंद करतो, किंवा दोन डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या लिहिल्या तरी दोन्ही निमूट घेतो. दुसरं, 'पातळ' म्हटलं की रक्त पाण्यासारखं होऊन अशक्तपणा येतो असं घरच्यांना वाटतं आणि उन्हाळ्यात थकवा आला की गोळी बंद होते. 'गुठळी होऊ न देणारी गोळी' असं म्हणायला शिकवा. शब्द थोडा लांब आहे, पण त्यात काम कळतं.

गोळी संध्याकाळी का, तेही पेशंटला सांगावं : सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत रिपोर्ट येतो आणि डोस बदलायचा तर त्याच दिवशी बदलता येतो. विसरली आणि त्याच रात्री आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यायची, दोन एकदम नाही, आणि वहीत फुली मारायची.

डोस लिहिण्याचीही एक रीत आहे. डोस आठवड्याच्या बेरजेत मोजायचा. एसिट्रोम रोज २ म्हणजे आठवड्याला १४. रविवारी १ आणि बाकीचे दिवस २ केले तर १३, म्हणजे ७ टक्के कमी. बुधवार-रविवार १ केले तर १२, १४ टक्के कमी. बहुतेक दुरुस्त्या ५ ते २० टक्क्यांत बसतात. 'एक दिवसाआड १ आणि २' असं कधी लिहू नये. आठवड्यात दिवस सात; या सोमवारी २ तर पुढच्या सोमवारी १, आणि काल काय घेतलं हे कुणालाच आठवत नाही. वार ठरवा. गुरुवारी उपास धरणाऱ्या आजींना 'उपासाच्या दिवशी अर्धी' हे कागदाशिवाय लक्षात राहतं. आणि चांगला स्थिर पेशंट असेल, एकदाच ०.५ पर्यंत वर-खाली झाला असेल आणि कारण सापडत नसेल, तर डोस तोच ठेवून एक-दोन आठवड्यांत परत तपासावं. काहीही न बदलणं हासुद्धा निर्णय आहे हे मुलांच्या गळी उतरायला वेळ लागतो.

भाजी, उपास, वारी

'पालेभाजी बंद' हा सल्ला मुलांच्या तोंडून येणारच. तो चुकीचा आहे. मेथी, पालक, शेपू, अळू, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं हे खरं. पण ते पूर्ण बंद केलं की शरीरातला साठा आटतो आणि मग लग्नात वाटीभर अळूचं फदफदं खाल्लं तरी आयएनआर हलू लागतो. सल्ला असा हवा : नेहमी जेवढी खाता तेवढी खा, ओळीने आठवडाभर बदल करायचा असेल तर आधी सांगा. थंडीत मंडईत मेथी-पालकाच्या जुड्या स्वस्त होतात आणि घरात रोज पालेभाजी होते, तेव्हा आयएनआर उतरू शकतो. श्रावणात, नवरात्रात उपासांमुळे जेवणच कमी होतं, तेव्हा चढू शकतो. जुलाब, ताप, तोंडाला चव नसणं यांनीही चढतो. मुलांनी कॅलेंडर समोर ठेवून पेशंटचे जुने आयएनआर बघावेत.

आषाढी वारीचा विचार पुण्यात करावाच लागतो. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत जवळपास तीन आठवडे चालणं, जेवणाची वेळ वेगळी, तपासणी नाही. वारीला निघणाऱ्या पेशंटसाठी मुलांकडून एक पान तयार करून घ्या : निघण्याच्या आठवड्यात आयएनआर, पुरून आठवडाभराच्या उरतील इतक्या गोळ्या, पावसात न भिजणाऱ्या पिशवीत, आणि गळ्यातल्या ओळखपत्रामागे मराठीत मोठ्या अक्षरांत 'गुठळी होऊ न देणारं औषध चालू आहे, कंबरेत किंवा दंडात इंजेक्शन देऊ नये.' पाय दुखले की कुणीतरी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायला तयार असतं. यात दोन धोके एकदम असतात : स्नायूत रक्त साकळतं आणि पोटात अल्सरमधून रक्त जाऊ शकतं.

गावातल्या दवाखान्यातही हेच घडतं. म्हणून 'दुसरी काही औषधं?' एवढ्यावर थांबू नये. "अंगदुखीसाठी मेडिकलमधून काय आणता? काढा, चूर्ण, रस काही चालू आहे?" असं नावानिशी विचारावं. असेक्लोफिनॅक आणि पॅरासिटॅमॉलची जोडगोळी तर घरोघरी असते. एकटं पॅरासिटॅमॉल दुखण्यावर बरं, पण रोज २ ग्रॅमच्या वर ओळीने काही दिवस घेतलं तर त्यानेही आयएनआर चढतो.

आंतरक्रियांची शंभर नावांची यादी पाठ करून घेऊ नका. चढवणारी चार पक्की करा : मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, को-ट्रायमोक्साझोल, अमिओडरोन. शेवटचं हळूहळू, कित्येक आठवडे चढवत राहतं आणि बंद केल्यावरही महिनोन्‌महिने अंगात राहतं. उतरवणारी तीन : रिफाम्पिसिन, कार्बामाझेपिन, फेनिटोइन. यातल्या रिफाम्पिसिनवर थांबा, कारण ते आपल्याकडचं दुखणं आहे. झडपेच्या पेशंटला टीबी झाला की आठवडा-दोन आठवड्यांत आयएनआर खाली येतो आणि डोस दुप्पट, कधी त्याहून जास्त करावा लागतो. खरा अपघात नंतर होतो. सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, रिफाम्पिसिनचा लिव्हरवरचा परिणाम दोन ते चार आठवड्यांत ओसरतो आणि तो वाढवलेला डोस तसाच चालू असतो. टीबीची फाइल एका खिडकीवर, झडपेची दुसऱ्या. म्हणून रिफाम्पिसिन सुरू झालं त्याच दिवशी ते संपण्याची तारीख पेशंटच्या वहीत लाल शाईने लिहायची आणि त्यापुढचे चार आठवडे दर आठवड्याला तपासणी आधीच लिहून ठेवायची.

प्रजननवयातल्या प्रत्येक बाईला पाळीची तारीख विचारायची. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या मुली आपल्याकडे तरुण वयातच या औषधावर येतात. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही औषधं गर्भाला व्यंग आणू शकतात, आणि घाबरून गोळी स्वतःच बंद केली तर झडप बंद पडू शकते. 'दिवस राहायचं ठरवत असाल तर आधी या, राहिले असं वाटलं तर त्याच दिवशी या, पण गोळी आपल्या मनाने थांबवू नका' ही तिन्ही वाक्यं एका दमात सांगायची.

नवी औषधं आणि हेपॅरिन

'आता डाबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन आली, आयएनआर कशाला शिकायचं?' असं मुलं विचारतील. कारण कृत्रिम झडपेला ती चालत नाहीत. २०१३ च्या री-अलाइन चाचणीत डाबिगॅट्रानवर गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपेसोबत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) असेल, तर २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत जुनी औषधंच रिव्हारॉक्साबॅनपेक्षा सरस ठरली, मृत्यूही कमी झाले. आपल्या वॉर्डात हेच पेशंट जास्त.

नव्या औषधांतली चूक किडनीच्या हिशेबात होते. एक उदाहरण पुरे. शहात्तर वर्षांच्या आजी, झडप चांगली, एट्रियल फिब्रिलेशन, वजन ४६ किलो, क्रिएटिनिन १.१. लॅबच्या कागदावर ईजीएफआर (किडनीच्या कामाचा अंदाज) ५२ छापून येतो आणि सगळं ठीक वाटतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने काढा : १४० वजा ७६ म्हणजे ६४, गुणिले ४६, भागिले ७२ गुणिले १.१, आणि बाई म्हणून ०.८५ ने गुणून ३२. रिव्हारॉक्साबॅन द्यायचं तर २० ऐवजी १५ मिलिग्रॅम. अपिक्साबॅन द्यायचं तर मात्र डोस पूर्ण, ५ मिलिग्रॅम दोनदा. कारण तिथे वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त या तिघांपैकी दोन अटी लागतात आणि आजींची वजनाची एकच अट भरते. आपल्याकडे साठ किलोच्या आतले पेशंट पुष्कळ. नुसतं वजन बघून २.५ लिहिलेलं सापडेल. एकाच पेशंटवर एका औषधाचा डोस कमी होतो, दुसऱ्याचा होत नाही, हे मुलांनी स्वतः काढलं की विसरत नाहीत.

बाकी थोडक्यात. रिव्हारॉक्साबॅन १५ आणि २० मिलिग्रॅम जेवणाबरोबरच. एकादशीला खिचडीबरोबर, रिकाम्या पोटी नाही. डाबिगॅट्रानची कॅप्सूल उघडायची नाही, आतले दाणे तसेच घेतले तर औषध खूप जास्त शोषलं जातं. ती पाकिटातून काढून वारांच्या डबीतही भरायची नाही, दमटपणाने खराब होते. पायातल्या गुठळीत रिव्हारॉक्साबॅन १५ दोनदा एकवीस दिवस, मग २० एकदा; अपिक्साबॅन १० दोनदा सात दिवस, मग ५ दोनदा. डोस बदलायची तारीख घरी जातानाच्या कागदावर हवी. 'एकवीस दिवसांनी' असं लिहिलं की कुणी मोजत नाही.

हेपॅरिनमध्ये मुलांकडून फक्त हिशेब करून घ्या, पण रोज. आपल्याकडे ५ मिलिच्या वायलमध्ये ५,००० युनिटही मिळतात आणि २५,००० युनिटही. लेबलावर 'प्रति मिलि' काय आहे ते मोठ्याने वाचायची शिस्त लावा. साठ किलोच्या पेशंटला ८० युनिट प्रति किलोने सुरुवातीचे ४,८०० युनिट, मग १८ ने ताशी १,०८०. २५,००० युनिट ५० मिलित केले की एका मिलित ५००. सिरिंज पंपावर ताशी २.२ मिलि. सहा तासांनी एपीटीटी, म्हणजे हेपॅरिनचा परिणाम मोजणारी तपासणी. प्लेटलेट आधीच्या आकड्याच्या निम्म्यावर आल्या आणि दिवस पाच ते दहा असेल, तर हेपॅरिनमुळेच का, हा प्रश्न त्याच दिवशी डॉक्टरांपुढे गेला पाहिजे. एनॉक्झापॅरिनच्या (हेपॅरिनच्याच एका प्रकाराच्या) भरलेल्या सिरिंजमधला बुडबुडा पूर्ण डोस देताना काढायचा नाही. काढताना औषधाचा थेंब जातो. टोचल्यावर चोळायचं नाही. क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर किलोला १ मिलिग्रॅम दिवसातून एकदाच.

गंभीर रक्तस्रावात व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश आणि सोबत प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स (गोठवणाऱ्या घटकांचं तयार मिश्रण) किंवा ते नसेल तर एफएफपी (गोठवून साठवलेला ताजा प्लाझ्मा). यात मुलांचं काम के-१ म्हणजे फायटोमेनाडिओनच आलंय ना हे बघण्याचं. के-३ ची गोळी इथे कामाची नाही.

डॉक्टरांना सांगणं

डोस बदलण्याची सही डॉक्टरांची. मुलांनी सुचवायचं, तेही तीस सेकंदांत. क्रम ठरवून द्या : कोण, कशासाठी, लक्ष्य काय, आज काय, कारण काय, सूचना काय. "मॅडम, बेड बारा, मिट्रलची कृत्रिम झडप, लक्ष्य अडीच ते साडेतीन, आज ५.४. रक्तस्राव नाही, हिमोग्लोबिन तेवढंच आहे. सोमवारी मेट्रोनिडाझोल सुरू झालंय, परवा संपेल. आजचा डोस थांबवून उद्या आयएनआर बघावा आणि कोर्स संपल्यावर मूळ डोसवर यावं असं वाटतं." कारण न सापडल्यास 'कारण सापडलं नाही, हे हे विचारून झालं' असं स्पष्ट म्हणायचं. हेच वाक्य पुढे नोंदवहीत जातं.

शेवटच्या आठवड्यात परीक्षा घ्याल तेव्हा हेपॅरिनच्या हिशेबाला अर्धे गुण ठेवू नका. दशांश चिन्ह चुकलं तर डोस दहापट होतो. बरोबर किंवा शून्य. आणि पहिल्या दिवशीच्या चार फाइलींच्या जोडीला एक पाचवी फाइल ठेवा. आयएनआर २.५, लक्ष्य दोन ते तीन, तीन महिन्यांचे सगळे रिपोर्ट टापटीप. बहुतेक मुलं 'तोच डोस, चार आठवड्यांनी तपासणी' असं लिहून फाइल मिटतील. समोर पेशंट म्हणून बसलेल्या सहकाऱ्याला आधी सांगून ठेवा : विचारलं तरच सांगायचं, की गुडघ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांची गोळी पंधरा दिवस चालू आहे, जिना चढताना दम लागतो आणि शौच चार दिवस डांबरासारखं काळं होतंय, म्हणजे पोटात रक्त जात असल्याची खूण. ज्याने हे विचारून काढलं आणि डोसला हात न लावता हिमोग्लोबिन मागितलं, त्याला पूर्ण गुण द्या.